वाचक विचारतात : हंगामी शेतमजुरांचे आरोग्य

मागील अंकात आम्ही हंगामी शेतमजुरांच्या आरोग्याविषयी प्रश्न मागवले होते. नागपूर जिल्ह्यातल्या जवळजवळ सगळ्या तालुक्यांतून पत्रे आली. त्यांतली बरीचशी पत्रे मजुरांना कामावर बोलावणाऱ्यांची आहेत, याचे मला विशेष समाधान वाटते. कारण मजुराच्या दुखण्यावर पहिला उपाय करण्याची संधी डॉक्टरच्या आधी शेतमालकाला मिळते. सगळ्या पत्रांना उत्तरे देणे जागेअभावी शक्य नाही. कापूसवेचणीचे दिवस सुरू असल्याने त्या कामाशी निगडित पत्रांना आधी स्थान दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची काटोल तालुक्यात आठ एकर पऱ्हाटी (कपाशी) आहे. सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) झाले की शेजारच्या गावाहून अकरा बाया ऑटोने वेचणीला येतात. मजुरी किलोमागे दहा रुपये आहे. मी रोज थंड पाण्याच्या दोन कॅन धुऱ्यावर ठेवते, पण संध्याकाळी एक कॅन भरलेलीच परत येते. दुपारनंतर कुणाचे डोके दुखते, कुणाला लघवीला जळजळ होते. या बाया पाणी का पीत नसतील? आणि मी घरात कोणत्या गोळ्या आणून ठेवाव्यात? (एक शेतकरी भगिनी)

उत्तर : ताई, भरून परत येणारी कॅन तुमच्या लक्षात आली, हेच मोलाचे आहे. मजुरी किलोवर असली की धुऱ्यापर्यंत जाऊन पाणी पिऊन परत येण्यात कापूस जातो, म्हणजेच पैसे जातात. त्याहून मोठे कारण बाया सहसा बोलून दाखवत नाहीत. प्यायलेले पाणी बाहेर टाकायला शेतात आडोसा नसतो. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला शेजारच्या शेतातली गडीमाणसे, आणि कमरेएवढी पऱ्हाटी, जिची पाने आता गळायला लागलेली असतात. सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा आणि पुढचे पाणी थेट घरी गेल्यावर, असा दिवस काढणाऱ्या स्त्रिया मी तपासणीत असंख्य वेळा पाहिल्या आहेत. तासन्‌तास रोखून धरलेल्या लघवीत जंतू वाढतात, आणि स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने ते मूत्राशयापर्यंत लवकर पोहोचतात. जळजळ त्यातूनच सुरू होते. दुपारचे डोके दुखणेही बहुतांशी कोरड्या पडलेल्या शरीराचे असते. पाळीच्या दिवसांत तर ओले कापड बदलायलाही जागा नसल्याने मांड्या सोलवटतात आणि बाया ते चार दिवस तसेच काढतात.

म्हणून गोळ्यांच्या आधी आडोसा करा. चार बांबू, दोन जुन्या साड्या किंवा हिरवी जाळी, आत एक छोटा खड्डा, शेजारी मातीचा ढीग, पाण्याची बादली, मग आणि साबण. रस्त्यापासून दूरच्या धुऱ्यावर अर्ध्या तासात हे उभे राहते आणि वेचणी पुढे सरकेल तसे हलवता येते. नरखेडकडच्या एका शेतात असा आडोसा केला तेव्हा पहिले दोन दिवस तिकडे कुणी फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी गटातली सगळ्यांत वयस्कर बाई उठून गेली, आणि तिच्यामागून बाकीच्या जाऊ लागल्या. त्या आठवड्यापासून कॅन रिकाम्या होऊ लागल्या.

दुसरी गोष्ट, पाणी धुऱ्यावर ठेवू नका, पातीपर्यंत नेऊन द्या. दर तासाला एक माणूस कळशी आणि पेला घेऊन ओळीने फिरला तर कुणाचे काम थांबत नाही. तिसरी गोष्ट पैशांची आहे आणि मी ती मुद्दाम हिशेबासह मांडतो. दिवसाला ४० किलो कापूस वेचणारी बाई आठ तासांच्या दिवसात तासाला पाच किलो वेचते. दहा-दहा मिनिटांच्या दोन सुट्ट्यांत तिचा पावणेदोन किलोच्या आतबाहेर कापूस बुडतो, म्हणजे तुमच्या दराने सोळा-सतरा रुपये. अकरा जणींचे मिळून दिवसाला सुमारे १८० रुपये होतात. संध्याकाळी वजन करताना प्रत्येकीच्या नावावर सुट्टीचे म्हणून पावणेदोन किलो धरले, तर सावलीत बसण्याचा भुर्दंड तिच्यावर पडणार नाही. किलोवरच्या मजुरीत विश्रांतीचा दाम मजूर स्वतः भरतो, आणि शेतातली निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे.

आता गोळ्यांविषयी. प्रतिजैविके घरात ठेवून वाटू नका. ओआरएसची पाकिटे, पॅरासिटामॉल, स्वच्छ पट्ट्या आणि साबण एवढे पुरे. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचे. अर्धे पाकीट पेल्यात ढवळून देऊ नये. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटे चिरतात, त्यामुळे धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घेतलेली असावी. लघवीच्या जळजळीबरोबर थंडी-ताप, पाठीत एका बाजूला दुखणे किंवा रक्त दिसले, अथवा बाई गरोदर असली, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. गरोदरपणात हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो आणि दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याची भीती असते.

प्रश्न : माझी १९ वर्षांची मुलगी सिकलसेलची रुग्ण आहे, तिच्या कार्डावर एसएस लिहिले आहे. मला स्वतःला एएस सांगितले आहे. घरची शेती नाही, वेचणीच्या दोन महिन्यांतच चार पैसे जमतात. तिला सोबत न्यावे का? (एक आई, कुही तालुका)

उत्तर : ताई, तुम्ही स्वतः वाहक आहात, रुग्ण नाही. तुम्ही सगळी कामे करू शकता, फक्त पाणी भरपूर प्यायला हवे. मुलीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी पाणी किंवा प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडे फुटल्यासारखी दुखतात ती त्यामुळे. थंडी, ऊन, तहान आणि दमणूक ही चारही कारणे वेचणीच्या एकाच दिवसात एकत्र येतात. आपल्याकडे डिसेंबरात पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि मजूर दवातच शेतात शिरतात. म्हणून वेचणीचा पूर्ण दिवस तिने करू नये, असेच मी सांगेन. बसून करायचे, सावलीतले काम मिळत असेल तर ते पाहा.

तुमच्या घराला तिच्या मजुरीची गरज आहे, हे मला समजते. जावेच लागले तर ऊन वर आल्यावर अर्धा दिवस, अंगात पूर्ण बाह्यांचा गरम कपडा, तिची स्वतःची दोन लिटरची बाटली, आणि डोक्यावर गाठोडे मुळीच नाही. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या असतील तर हंगामातही एक दिवस चुकवू नयेत. ताप, छातीत दुखणे, धाप, अचानक पांढरे पडणे किंवा डाव्या बरगडीखाली पोट फुगणे, यांतले काहीही झाले तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. शेतमालकाला आणि सोबतच्या बायांना तिच्या आजाराविषयी सांगून ठेवा. लपवल्याने मजुरी टिकते असे वाटते, पण दुखणे शेतातच उठले तर काय करावे हे कुणालाच कळत नाही. देशपातळीवरचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून त्यात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची रक्ततपासणी केली जाते. घरातल्या बाकीच्या मुलांची तपासणी राहिली असेल तर तीही करून घ्या.

प्रश्न : माझे बाबा सावनेर तालुक्यात रोजाने फवारणीला जातात. हल्ली घरी आले की गरगरते म्हणतात, घाम सुटतो, डोळ्यांना धूसर दिसते. मालक म्हणतात की वर ग्लासभर दूध प्यायचे, काही होत नाही. मला भीती वाटते. (बी.ए.चा विद्यार्थी)

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. गरगरणे, घाम, तोंडात लाळ सुटणे, मळमळ आणि धूसर दिसणे ही विषबाधेची सुरुवात आहे. बाबांना उद्यापासून फवारणीला पाठवू नका आणि आजच डॉक्टरांना दाखवा. दुधाने हे विष उतरत नाही. उलट काही औषधे तेलकट द्रावणात असतात. त्यांच्यावर दूध-तूप पाजणे किंवा उलटी करवणे अधिक धोक्याचे ठरते, कारण उलटीतले द्रावण फुप्फुसांत जाऊ शकते.

फवारणीतली बरीच औषधे, विशेषतः ऑर्गनोफॉस्फेट गटातली, शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या घटकाला निकामी करतात. नसांकडून स्नायूंना आणि ग्रंथींना गेलेला आदेश वेळेवर थांबवणे हे त्या घटकाचे काम असते. तो कमी झाला की घाम, लाळ, अश्रू थांबत नाहीत, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. हा घटक पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून रोज थोडे-थोडे विष अंगात गेले तर पहिल्या दिवशी काही जाणवत नाही आणि पाचव्या-सहाव्या दिवशी, नेहमीइतकीच फवारणी केली असताना, माणूस कोसळतो. ‘इतकी वर्षे करतोय, मला काही होत नाही’ हे वाक्य त्यामुळे धोक्याचे आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात काय झाले, ते आपण विसरता कामा नये. फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यांत शेतकरी होते तसे रोजाने पंप पाठीवर घेणारे मजूरही होते. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, फवारा वरच्या दिशेने मारावा लागत होता, आणि एकापेक्षा अधिक औषधे एकत्र करून मारली जात होती. उडणारा तुषार थेट चेहऱ्यावर आणि छातीवर येत होता.

हे विष नाकातोंडाइतकेच कातडीतून आत जाते, ही गोष्ट फारशी ठाऊक नसते. तोंडाला बांधलेला दुपट्टा तुषाराने ओला झाला की तो संरक्षण करत नाही, विष ओठांशी धरून ठेवतो. ओल्या हाताने खर्रा घोटून तोंडात टाकला तर विष सरळ पोटात जाते. फवारणीच्या दिवशी हात साबणाने धुतल्याशिवाय खर्रा, बिडी, भाकरी काहीही घेऊ नये. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जाड कपडा, गमबूट, चष्मा, वारा पाठीशी ठेवणे आणि तुंबलेला नोझल तोंडाने न फुंकणे, एवढे तरी पाळलेच पाहिजे. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. फवारणी करणाऱ्याला योग्य संरक्षक कपडे असले पाहिजेत, ही अट १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच आहे. मालकाकडे ते मागताना संकोच करू नका. ते कपडे घरी धुणाऱ्या तुमच्या आईनेही हातमोजे घालावेत आणि ते घरातल्या इतर कपड्यांत मिसळू नयेत. फवारलेल्या शेतात निंदणाला किंवा वेचणीला किमान २४ तास, आणि डब्यावर जास्त मुदत लिहिली असेल तर तेवढा वेळ, कुणाला पाठवू नये.

कुणी कोसळलेच तर आधी त्याचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा, कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा सोबत घ्या. ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषध देऊन रुग्ण बरा दिसू लागला तरी लगेच घरी नेण्याचा आग्रह धरू नका. एक ते चार दिवसांनी मान उचलता न येणे आणि श्वास मंदावणे असा दुसरा टप्पा येऊ शकतो; त्या वेळी रुग्ण रुग्णालयातच असला पाहिजे.

प्रश्न : मी नरखेडला औषधाच्या दुकानात काम करतो. बाजाराच्या दिवशी मजूर बाया आठवड्याच्या हिशेबाने दुखण्याच्या गोळ्या नेतात. ‘एक गोळी घेतली की दिवस निघतो’ म्हणतात. चिठ्ठी नसते. यात खरेच इतका धोका आहे का? (औषध दुकानातील कर्मचारी)

उत्तर : आहे, आणि तुमच्या गल्ल्यावरून तो टाळता येतो. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या ज्या रसायनाला अडवून वेदना कमी करतात, तेच रसायन शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह टिकवून धरते. घरी आराम करत असलेल्या निरोगी माणसाने दोन दिवस गोळी घेतली तर मूत्रपिंड ते सोसते. पण दिवसभर उन्हात वाकून काम, पाणी जवळजवळ नाही, आणि रिकाम्या पोटी सकाळची गोळी, हे महिनोन्‌महिने चालले तर मूत्रपिंडावर दोन बाजूंनी घाव पडतो. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत ऊसतोड कामगारांमध्ये, मधुमेह किंवा रक्तदाब नसताना, तरुण वयात मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे आढळले, तेव्हा उष्णतेचा ताण आणि वारंवार कोरडे पडणारे शरीर हे प्रमुख संशयित कारण ठरले. तिथे कामाच्या जागी सावली, पाणी आणि ठरलेल्या सुट्ट्या देण्यास सुरुवात झाली. आपल्याकडे मे महिन्यात धसकटे वेचणारे आणि पऱ्हाट्या उपटणारे मजूर ४५ अंशांच्या आसपास काम करतात, तेव्हा हा धोका आपल्यालाही लागू आहे.

तुम्ही एवढे करा. चिठ्ठीशिवाय या गोळ्या देऊ नका. फार दुखत असेल तर पॅरासिटामॉल सुचवा आणि दोन मात्रांत किमान सहा तासांचे अंतर ठेवायला सांगा. जी बाई दर आठवड्याला येते तिला लघवीचा रंग विचारा. गडद पिवळा किंवा चहासारखा असेल, पायांवर सूज असेल, तर क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कळणारी रक्ताची तपासणी करायला पाठवा. तुम्ही गल्ल्याशी असता, आणि डॉक्टरआधी तुम्हीच तिला भेटता. पाठ आणि गुडघे दुखण्याचे मूळ मात्र डोक्यावरच्या गाठोड्यात आणि दिवसभराच्या वाकण्यात आहे. ४० किलोचे गाठोडे एकटीने उचलण्याऐवजी दोघींनी वीस-वीस किलोचे केले आणि वजनकाटा गाडीपाशी न ठेवता शेतातच आणला, तर बऱ्याच जणींची गोळी आपोआप सुटते.

प्रश्न : माझ्या कार्यक्षेत्रात निंदण आणि सोयाबीन सोंगणीच्या हंगामानंतर मजुरांना आठ-आठ दिवस ताप राहतो. मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह येते. आणखी काय शोधावे? (आशा स्वयंसेविका, उमरेड तालुका)

उत्तर : स्क्रब टायफस शोधा. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या तापाचे बरेच रुग्ण आढळले होते आणि मृत्यूही झाले होते. गवतात आणि झुडपांत राहणाऱ्या अतिशय बारीक किडीची अळी, जिला चिगर म्हणतात, चावल्याने हा ताप येतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडी सुरू होईपर्यंत गवतात बसून काम करणाऱ्यांना तो अधिक होतो.

चावल्याच्या जागी कधी कधी लहानसा काळा खपला असतो, विडी टेकवल्यासारखा. तो दुखत नाही, खाजतही नाही, म्हणून रुग्ण स्वतः सांगत नाही. नवव्या दिवशी तापाने फणफणत आलेल्या एका मजूर बाईची तपासणी करताना मला सुरुवातीला काहीच सापडले नव्हते. उठून जाताना तिने सुटलेला अंबाडा बांधायला हात वर केला आणि काखेत तो काळा खपला दिसला. तेव्हापासून तापाचा प्रत्येक शेतमजूर मी काख, जांघ, स्तनांखालचा भाग आणि कमरेचा घट्ट पट्टा पाहिल्याशिवाय सोडत नाही. बाया हे भाग पुरुष डॉक्टरांना दाखवत नाहीत. तुम्ही विचारून, आडोशाला पाहून, चिठ्ठीवर लिहून दिलेत तर निदान एका दिवसात होते. खपला नसला तरी हा ताप असू शकतो, हेही लक्षात असू द्या. डॉक्सिसायक्लिन या स्वस्त गोळीने बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. गरोदर स्त्रीला वेगळे औषध द्यावे लागते, म्हणून तसे आवर्जून सांगा. उशीर झाला तर फुप्फुसे, मेंदू आणि मूत्रपिंडे त्याच्या तडाख्यात सापडतात. धाप लागली किंवा बोलणे असंबद्ध झाले तर तालुक्यावर वेळ न घालवता नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवण्याची व्यवस्था करावी.

प्रश्न : रोवणीनंतर पायांच्या बोटांत चिखल्या होतात, आणि मिरची तोडताना हातांची आग रात्रभर जात नाही. घरगुती उपाय सांगावा. (मजूर भगिनी, भिवापूर तालुका)

उत्तर : बांधीत उतरण्याआधी बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल जाडसर लावा, आल्यावर पाय साबणाने धुऊन बेचक्या कापडाने पूर्ण कोरड्या करा. पांढरे पडून कातडे सुटले असेल तर क्लोट्रिमॅझोल मलम दोन ते चार आठवडे लावावे. मधुमेह असेल तर घरी थांबू नका. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून आधी हातांना गोडेतेल चोळा, मग साबणाने धुवा, असे दोनदा करा. त्या हातांनी डोळे चोळणे आणि तान्ह्या बाळाला घेणे टाळा.

प्रश्न : आमच्या संत्राबागेत तोडणीसाठी छिंदवाडा आणि सिवनी जिल्ह्यांतून दहा-बारा कुटुंबे येतात आणि दोन महिने शेडमध्ये राहतात. मागच्या ऑक्टोबरात शेजारच्या बागेतल्या मजुराला झोपेत साप चावला आणि सकाळपर्यंत तो दगावला. माझ्या मजुरांसाठी मी काय करावे, आणि असे काही झालेच तर त्यांना काय मदत मिळते? (बागायतदार, काटोल तालुका)

उत्तर : जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावणारा साप बहुधा मण्यार असतो. त्याच्या दंशाने फारसे दुखत नाही, सूज येत नाही, खूणही दिसेनाशी असते. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटतात, गिळता येत नाही, आणि लोकांना वाटते की खाण्यात काही आले. शेडमध्ये झोपलेल्या कुणाची पहाटे अशी अवस्था झाली तर साप पाहिला नसला तरी सर्पदंश समजून निघा. कापणे, चोखणे, आवळून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यात वेळ घालवू नका. अंग स्थिर ठेवून थेट जिथे प्रतिविष आहे त्या रुग्णालयात न्या. सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळते. तुमच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ते आहे का, हे हंगाम सुरू होण्याआधीच विचारून ठेवा.

सगळ्यांत उपयोगी उपाय मच्छरदाणीचा आहे. प्रत्येक कुटुंबाला मच्छरदाणी द्या आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचायला लावा; डास आणि साप दोन्ही अडतात. जमल्यास झोपायला बाजा (खाटा) द्या. धान्य आणि सरपण झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवा, कारण उंदरांमागे साप येतो. शेडबाहेर एक दिवा रात्रभर जळू द्या.

मदतीविषयी स्पष्ट सांगतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात, पण ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला लागू आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो मजूर तुमच्याच बागेत साप चावून गेला तरी तिच्यात बसत नाही. ही उणीव मला अन्यायकारक वाटते आणि ती शासनाने दूर करावी, असे मी इथे लिहून ठेवतो. तोवर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा आधार घ्या. १८ ते ७० वयाच्या, बँकेत खाते असलेल्या व्यक्तीला वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती विमा संरक्षण मिळते, आणि सर्पदंशही त्यात येतो. मात्र रुग्णालयाची नोंद असावी लागते. बारा कुटुंबांतल्या २४ माणसांचा हप्ता ४८० रुपये होतो, आणि तो तुम्ही स्वतः भरावा, अशी माझी तुम्हाला विनंती आहे. त्यांच्या शिधापत्रिकेवर ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेमुळे तुमच्या गावच्या दुकानातूनही धान्य मिळू शकते. आधार जोडलेले आहे का ते पाहा. मुलांची लसीकरणाची कार्डे मागून घ्या आणि आशाताईंना शेडवर बोलवा. लस देताना तुम्ही कुठल्या राज्याचे, असे कुणी विचारत नाही.

आणखी एक काम आजच करा. परगावाहून आलेला मजूर १०८ ला फोन लावतो, तेव्हा आपण कुठे आहोत हेच त्याला सांगता येत नाही. त्याला फक्त मुकादमाचे आणि तुमचे आडनाव माहीत असते. शेडच्या भिंतीवर रंगाने मोठ्या अक्षरांत गावाचे नाव, तालुका, मुख्य रस्त्यावरची खूण, तिथून बागेपर्यंतचे अंतर आणि तुमचा मोबाइल क्रमांक लिहा. हे हिंदीतही लिहा, आणि पहिल्या रात्रीच सगळ्यांना दिव्याच्या उजेडात तो मजकूर एकदा वाचून दाखवा.